गुलाबी पारवा

मारोतराव रंग पाहायचे तो उन्हातच. नागपूरच्या गांधीबागेत ओमप्रकाश शेठचं ठोक कापडाचं दुकान होतं, तिथे ते एकोणतीस वर्षं नोकरीला होते. रोज सकाळी दहाच्या सुमारास ऊन समोरच्या गच्चीवरून उतरून ओट्यापर्यंत आलं, की ते दोन थानांचे पदर दोन हातांत धरून उंबरठ्याबाहेर येत आणि मान जराशी तिरपी करून उभे राहत. एकाच नंबरचं कापड मागवलं तरी दर वेळी रंग सारखा उतरत नाही. कोणतं थान कोणत्या थानाबरोबर जाईल, हे ठरवणं त्यांचं काम. बाकीच्यांना जे नुसतं हिरवं दिसे, त्यात त्यांना शेवाळी, पोपटी, मेहंदी, रामा आणि कच्च्या चिंचेचा असे निरनिराळे रंग दिसत. "जमते" किंवा "नाही जमत" एवढंच ते म्हणत. त्यावर कोणी वाद घातल्याचं दुकानात कोणाला आठवत नव्हतं.

कोटाच्या आतल्या खिशात त्यांची एक जाड पुठ्ठ्याची वही असे. बोटाच्या पेराएवढे कापडाचे तुकडे तिच्यात ओळीने चिकटवलेले, प्रत्येकाखाली नंबर आणि नाव. घरी सत्यवतीबाई त्या वहीला सवत म्हणत.

१९७७च्या पावसाळ्यात या सगळ्याला धक्का बसला.

शेठने त्या वर्षी दुकानात नव्या ट्यूबलाइट लावल्या होत्या. ओट्यावर चिखल, हमालांची ये-जा, थानं भिजायची भीती. शेठ म्हणाले, "मारोतरावजी, अब बाहर काहे को जाते हो? अंदर दिन से ज्यादा उजाला है." मारोतराव आत बसून काम करू लागले. त्याच आठवड्यात काटोलच्या पलीकडच्या एका मुलींच्या शाळेसाठी गणवेशाचं निळं कापड काढायचं होतं. एका लॉटात भागेना, म्हणून दुसरा लॉट जोडायचा होता. मारोतरावांनी दोन्ही पदर ट्यूबखाली धरले आणि म्हणाले, "जमते."

पंधरा ऑगस्टला त्या गावात पाऊस उघडला. झेंडा वर गेला, लख्ख ऊन पडलं, आणि मैदानावर रांगेत उभ्या असलेल्या मुलींपैकी अर्ध्या निळ्या नि अर्ध्या जांभळट दिसू लागल्या.

मुख्याध्यापिका स्वतः दुकानात आल्या. त्यांनी पिशवीतून दोन स्कर्ट काढून ओट्यावर शेजारी शेजारी पसरले. मारोतरावांनी पाहिलं. दोन रंग होते, अगदी सरळ दोन. आपण त्यांना एक कसे म्हणालो, हे त्यांना कळेना.

शेठ रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मारोतरावांच्या खांद्यावर हात ठेवला. "उमर हो गयी, मारोतरावजी. आखिर आँख है, मशीन थोडी है. बेटी के पास हो आओ. दिवाली के बाद देखेंगे."

हे "देखेंगे" मारोतरावांच्या मनात खिळ्यासारखं रुतून बसलं. दोन्ही निळ्यांचा एकेक तुकडा त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर चिकटवला, वहीला नाडा बांधला आणि ती पुन्हा उघडली नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडेही ते गेले नाहीत. गेलं नाही तोवर काही ठरत नव्हतं.

मुलगी जयवंता तेव्हा मॉरिशसला होती. जावई रुपराव तिथल्या साखर कारखान्यात तीन वर्षांच्या करारावर इंजिनियर म्हणून गेले होते. "या, या" अशी पत्रं दोन वर्षं येतच होती. ऑक्टोबरच्या अखेरीला मारोतराव आणि सत्यवतीबाई मुंबईहून विमानात बसले. सत्यवतीबाईंनी तिळाची चटणी, सांडगे आणि संत्र्यांची परडी नेली. मारोतरावांनी ट्रंकेच्या तळाशी नाडा बांधलेली वही ठेवली. का ठेवली, ते त्यांना सांगता आलं नसतं.

जयवंताचं घर उंचावरच्या गावात होतं. तिथे सकाळ अशी उजाडतच नसे. आधी खिडकीबाहेर नुसतं पांढरं असे, मग त्या पांढऱ्यातून एक झाड वर येई, मग कुंपण, मग उसाचं शेत, आणि ते नीट दिसेदिसेतो पुन्हा धुकं येऊन सगळं पुसून टाकी. मारोतराव पहाटेच व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीवर येऊन बसत. नागपूरच्या उन्हात सगळ्या वस्तूंना कडा असतात. इथे कशालाच कड नव्हती. आपण अजून विमानातच आहोत आणि ढगात कोणीतरी खुर्ची मांडून दिली आहे, असं त्यांना वाटे.

पहिल्याच सकाळी धुक्यातून ओळखीचा आवाज आला. मग कुंपणावर पिवळे पाय दिसले, पिवळी चोच दिसली.

"अवं, ये लवकर! साळुंकी!"

सत्यवतीबाई कणकेचे हात घेऊन बाहेर आल्या. पाहिलं आणि कपाळाला हात लावायच्या थांबल्या, कारण हात कणकेचे होते. "अवो, एवढा समुद्र ओलांडून साळुंक्या पाहाले आलो का आपण? त्या तर आपल्या न्हाणीच्या छपरावरच्या कवेलूवरही बसून राहतात."

दुसऱ्या दिवशी बुलबुल आला, तोच, गालावर लाल टिकली आणि डोक्यावर उभा तुरा असलेला. रुपरावांनी सांगितलं की हे सगळे कधीकाळी जहाजांतून इकडे आणलेले, माणसांसारखेच. मारोतरावांना ते ऐकून बरं वाटलं.

मग अनोळखी पाखरं येऊ लागली. कपडे वाळत घालायच्या तारेवर एक चिमणीएवढा पक्षी येऊन बसला आणि धुक्यात जणू निखारा ठेवल्यासारखं झालं. डोकं, छाती, पोट, सगळं लाल. मारोतरावांच्या तोंडात नाव आपोआप आलं: डाळिंबी, नंबर चौऱ्याहत्तर. आणि त्यापाठोपाठ भीती आली. खरंच चौऱ्याहत्तर का? की पंचाहत्तर, कुसुंबी? वही ट्रंकेत होती. उघडून पडताळता आलं असतं. पण नाही जुळलं तर?

जयवंता बादली घेऊन आली.

"जयू, ते पाखरू कोणत्या रंगाचं दिसून राहिलं वं तुले?"

"लाल."

"लाल तर हायेच. पण कोणतं लाल? कुंकवाचं, का डाळिंबाचं, का करडीच्या फुलाचं?"

"बाबा, लाल म्हणजे लाल! तुम्ही इथंही दुकान मांडून राहिले का?" ती हसली आणि तिने बादली खाली ठेवताच पाखरू उडालं.

मारोतराव हसले नाहीत. एवढ्या वर्षांत त्यांना ही गोष्ट कधी जाणवली नव्हती. ते जे पाहतात, ते पडताळून पाहणारं दुसरं कोणी नाही. ते म्हणाले डाळिंबी, तर डाळिंबी. उद्या त्यांना सगळंच चुकीचं दिसायला लागलं, तर ते त्यांना सांगणार कोण? कोणी नाही. ते कळायला पुन्हा मुलींना मैदानावर उभं राहावं लागेल.

एकदाच काय ते त्यांचं मन मोकळं झालं. रुपराव त्यांना एका खोल दरीच्या काठावर घेऊन गेले होते. खाली हिरवी दरी, पलीकडे समुद्राची एक रेघ, आणि मधल्या सगळ्या पोकळीत एक पांढरा पक्षी तरंगत होता. त्याच्या शेपटीतून एकच लांब पांढरा धागा निघालेला, मलमलीच्या टोकाला सुटलेल्या दशीसारखा. पक्षी वळला की दशी मागून सावकाश वळे. मारोतराव कठड्याला धरून कितीतरी वेळ उभे होते. पांढऱ्याला कोणाशी जुळवायचं नव्हतं. ते नुसतं पाहायचं होतं. "मामाजी, चला आता," असं रुपराव दोनदा म्हणाले, तेव्हा ते हलले.

त्रिपुरी पौर्णिमेनंतरच्या रविवारी सगळे गंगा तलावाला गेले. डोंगरातलं ते तळं तिथल्या आपल्या लोकांनी गंगा मानलेलं. काठावर शंकराचं देऊळ, पाण्यावर धूर तरंगावा तसं धुकं. सत्यवतीबाई आणि जयवंता पूजेला बसल्या. रुपराव कारखान्यातल्या कोणाशी तरी बोलत उभे राहिले. मारोतरावांनी नमस्कार केला आणि पाय मोकळे करायला रानातल्या रस्त्याने निघाले.

रस्ता चढत गेला. दोन्ही बाजूंना बुटकी, शेवाळाने माखलेली झाडं होती, आणि मग एकाएकी उंच, सरळ, काळपट हिरव्या झाडांची राई लागली. आत ओल्या लाकडाचा वास होता. देवळातली घंटा इथे पोचेपर्यंत मऊ होऊन जाई. मारोतराव एका पडलेल्या खोडावर बसले.

समोरच्या खालच्या फांदीवर एक पारवा होता.

तो हलला नाही, घाबरला नाही. राखी, गोलमटोल, दुकानासमोरच्या गच्चीवर बसतात तसाच. आपल्या धंद्यात एका रंगालाच पारवा म्हणतात, इतका तो ठरलेला रंग. नंबर एकशे नव्वद. मारोतराव त्याच्याकडे आणि तो मारोतरावांकडे पाहत राहिला. मग वर कुठेतरी धुकं फाटलं, उन्हाची एक तिरीप राईत उतरली, आणि पारव्याने आळसावल्यासारखी दोन पावलं टाकली नि त्या उन्हात येऊन बसला.

तो गुलाबी झाला.

मान गुलाबी, छाती गुलाबी, सोललेल्या कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी. मारोतरावांनी डोळे मिटले, उघडले. चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. गुलाबीच. पक्ष्याने मान मागे वळवून पिसांत चोच घातली, ती मुळाशी लाल होती. मग ऊन गेलं आणि फांदीवर पुन्हा राखी पारवा बसलेला होता.

म्हणजे झालं. एकाच क्षणात एकच पाखरू दोन रंगांचं दिसलं. पंधरा ऑगस्टला मुलींचं जे झालं, तेच आता पाखरांचंही. त्यांना रडू आलं नाही. आजोळी ठेवलेल्या पोरासारखं, कोणाची तरी वाट पाहत ते खोडावर बसून राहिले. पारवा केव्हा उडून गेला ते त्यांना कळलं नाही.

ते देवळाशी परत आले. सत्यवतीबाईंनी प्रसाद हातावर ठेवला. "काहून असे दिसून राहिले? भूत पाहिलं का?"

"पारवा पाहिला," मारोतराव म्हणाले. "गुलाबी."

रुपराव मोठ्याने हसले. "मामाजी, गुलाबी पारवा? इथली लोकं पौर्णिमेले घेतात थोडी, तुम्ही तर दोन दिवसांनी घेतली वाटते!"

जयवंता हसली नाही. आईने पत्रात गणवेशाचं सगळं लिहिलं होतं. "उद्या डोळ्याच्या डॉक्टरकडे जाऊ, बाबा," ती हळूच म्हणाली. त्या हळू बोलण्याने मारोतरावांना हसण्यापेक्षा जास्त लागलं.

रस्त्याच्या वळणावर रानाच्या रखवालदाराची चौकी होती. गाडीत पाणी घालायला रुपराव थांबले. खाकी कपड्यातला, कानशिलं पिकलेला माणूस बाहेर आला. सत्यवतीबाईंचं लुगडं पाहून त्याचा चेहरा बदलला.

"तुमी मराठी?"

त्याचं नाव सखाराम. पणजा रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यावर आलेला. त्याची मराठी शंभर वेळा धुतलेल्या कापडासारखी होती, रंग विटलेला पण वीण घट्ट. त्याने सगळ्यांना बाकावर बसवलं. रुपरावांनी पाणी भरता भरता त्याला थट्टेने सांगितलं, "आमच्या मामाजींनी तुमच्या रानात गुलाबी कबुतर पाहिलं."

सखाराम जागीच वळला.

"कुठं?"

"अरे, जाऊ दे ना गा," मारोतराव शरमून म्हणाले.

"नाय, नाय. कुठं पायला? उंच झाडांच्या राईत?" तो मारोतरावांच्या समोर येऊन उकिडवा बसला. "शेपूट कोणत्या रंगाची?"

मारोतरावांनी त्याच्याकडे पाहिलं. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदाच कोणी त्यांना रंग इतक्या निकडीने विचारत होतं.

"काथी," ते म्हणाले. "भिजलेल्या विटेसारखी, पण लाल कमी."

"पंख?"

"तपकिरी. काळ्याकडे जाणारं नाही, मातीकडे जाणारं."

"चोच?"

"मुळाशी लाल, टोकाले पांढरी. पायही लाल."

सखारामने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "पिझाँ दे मार," तो तिथल्या भाषेत म्हणाला, एखाद्या देवाचं नाव घ्यावं तसं. "सगळ्या दुनियेत हितंच आहे. ह्याच रानात. वीस असतील, पंचवीस असतील. नदीच्या अंगाला थोडे पिंजऱ्यात ठेवलेत, वाढवायला. मी अकरा वरसं हितं आहे, चार वेळा पायला. आणि तुमी एका रविवारी!" तो जरा रुसल्यासारखा हसला. "सगळ्यांना तो राखी दिसतो. सावलीत बसतो ना. गुलाबी दिसायला उन्हात यावा लागतो."

रुपराव पाण्याचा डबा घेऊन अवघडून उभे होते. सत्यवतीबाई नवऱ्याकडे पाहत होत्या. मारोतराव मात्र दुसरंच काहीतरी ऐकत होते. उन्हात यावा लागतो.

घरी पोचले तेव्हा दिवे लागले होते. मारोतरावांनी चहाही घेतला नाही. ट्रंक उघडली, तळातून वही काढली, नाडा सोडला आणि जेवणाच्या टेबलावर ट्यूबलाइटखाली बसले. दोनशे चौदा, कांदागुलाबी. बोट बरोबर त्याच तुकड्यावर गेलं. पण तुकडा मेलेला दिसत होता, राखेत लोळवल्यासारखा. त्यांनी भराभर पानं उलटली आणि शेवटच्या पानाशी आले. दोन निळे तुकडे शेजारी शेजारी होते. ट्यूबखाली ते एकच होते. आत्ताही त्यांनी "जमते" असंच म्हटलं असतं.

त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली. सकाळी धुकं विरायची वाट पाहत ते वही मांडीवर घेऊन व्हरांड्यात बसले. साळुंकी आली, गेली. तारेवर तो लाल पक्षी आला. मारोतरावांनी वही उघडून चौऱ्याहत्तर नंबर त्याच्या दिशेने धरला. डाळिंबी. अगदी डाळिंबी. मग ऊन पायऱ्यांवर उतरलं आणि त्यांनी शेवटचं पान काढलं.

"अवं, जरा इकडे ये. हे दोन निळे एक हायेत का दोन?"

सत्यवतीबाईंनी वाकून पाहिलं. "दोन. आंधळ्यालेही दिसन."

त्यांनी बायकोला हाताला धरून घरात नेलं, खिडकीचे पडदे ओढले, ट्यूब लावली. "अन् आता?"

सत्यवतीबाईंनी वही डोळ्यांपाशी नेली, दूर नेली. "आता... एकच. अवो, हे काय जादू करून राहिले तुम्ही सकाळी सकाळी?"

ऑगस्टनंतर मारोतराव पहिल्यांदा हसले. आतून जयवंता धावत आली, एवढ्या जोरात. पण पडदे उघडताना त्यांचं हसू मावळलं. डोळे शाबूत होते, ही गोष्ट खरी. आणि तरी चूक त्यांचीच होती. उन्हाशिवाय रंग ठरत नाही, हे त्या दुकानात त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं? शेठ एकदाच म्हणाले आणि ते आत येऊन बसले. सावलीत बसलेल्या पारव्याला राखी म्हणून मोकळे झाले.

डॉक्टरकडे जायला त्यांनी नाही म्हटलं नाही. डॉक्टरने वाचायच्या चष्म्याचा नंबर थोडा वाढवला, बाकी काही नाही.

डिसेंबरात ते परतले. पहिल्या दिवशी ते नेहमीच्या वेळी दुकानात गेले, शेठला राम राम केला आणि म्हणाले, "शेठ, तो निळा उरला का, शाळेवाला? दोन्ही लॉट?"

ओमप्रकाश शेठ सावध झाले. "अब छोडो ना, मारोतरावजी."

"काढा तर खरं."

दोन थानं आली. मारोतरावांनी ती आधी ट्यूबखाली धरली. "शेठ, तुम्ही पाहा. एक का दोन?"

"एक," शेठ म्हणाले, आणि मग जरा चिडून, "एक ही है!"

मारोतरावांनी थानं छातीशी धरली आणि उंबरठा ओलांडला. शेठला मागे जावंच लागलं. ओट्यावर दहाचं ऊन आलेलं होतं. शेठ बराच वेळ पाहत राहिले. शेजारचा दुकानदार पाहायला आला, त्यानेही पाहिलं.

"तो मेरा ट्यूबलाइट झूठा है?" शेठ शेवटी म्हणाले.

"झूठा नाही. अर्धंच बोलतो." मारोतरावांनी पदर घडी केले. "पण बाहेर मी याले पाहिजे होतं. आत बसलो, ते माझं चुकलं. त्या बाईंले तसं पत्र लिहितो म्हणतो, माझ्या नावानं."

शेठने त्यांच्याकडे पाहिलं. मग आत वळून ओरडले, "अरे, वो स्टूल बाहर रखो ओटे पे! मारोतरावजी का!" आणि हळूच विचारलं, "ट्यूब निकाल दूँ क्या?"

"राहू द्या. तुमचा पेपर वाचाले कामी येईल."

स्टूल आला. मारोतराव बसले, खिशातून वही काढली, दोनशे चौदा नंबरखाली पेन्सिलीने बारीक अक्षरात तारीख आणि गंगा तलाव असं लिहिलं आणि समोर पाहिलं. गच्चीच्या कठड्याच्या सावलीत पारवे ओळीने बसले होते, सगळे राखी. त्यांतला एक उठला आणि डुलत डुलत उन्हाकडे निघाला. मारोतरावांनी हातातली वही तशीच उघडी धरून ठेवली आणि मान जराशी तिरपी केली.